तिसऱ्या बटणाएवढी

माणसाला नीट घाबरवायचं असेल तर आधी त्याला भरपूर उभं करावं लागतं, ही विद्या मी एका मनोरंजन पार्कच्या रांगेत शिकलो. शिकलो नसतो तर बरं झालं असतं. पाणीपुरवठा खात्याच्या बिल विभागात मी सगळी नोकरी काढली. आमच्याही खिडकीसमोर माणसं उभी असायची, पण ती घाबरायची नाहीत, चिडायची. रांगेचा असाही उपयोग करता येतो हे मला निवृत्तीनंतर कळलं आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

झालं असं, की मुलगी सुट्टीला आमच्याकडे आली होती आणि तिच्याबरोबर आमची नात. नातीला सगळे मुंगी म्हणतात. सात वर्षांची आहे, अंगाने बारीक आहे, आणि घरातली दिसेल ती वस्तू ओढत ओढत दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते, म्हणून मुंगी. तिला त्या पार्कातल्या भुयारी गाडीत बसायचं होतं. तिच्या वर्गातली एक मुलगी बसून आली होती आणि तेव्हापासून वर्गात त्या मुलीचा भाव फार वधारला होता. मुंगीने सुट्टीभर दुसरं काही म्हणून मागितलं नाही. आता एवढ्याशा मागणीला नाही म्हणणारा आजोबा कोण असेल? निदान मी नव्हतो.

तर ती रांग. दोरांची अशी वळणं केलेली, की आपण कुठवर आलो आणि अजून किती राहिलं याचा काही पत्ता लागू नये. भिंतीआडून मधूनच किंकाळ्या येत होत्या. एका वळणावर एक मोडकी, चेपलेली गाडी ठेवली होती. का ठेवली ते कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि ते न लिहिणं हीच त्यातली गोम होती. मग एक कोंदट खोली. दार बंद. एकच दिवा, तोही धड जळेना. गणवेशातला एक माणूस आमच्याकडे न बघता गंभीर आवाजात म्हणाला, "ज्यांना परत फिरायचं असेल त्यांनी आत्ताच सांगा." कुणी सांगितलं नाही. सगळे एकमेकांना चिकटून उभे राहिले, आणि चेहरे मात्र सगळ्यांचे हसरे.

मी आमच्या हिला म्हणालो, "लक्षात येतंय का? गाडी अजून दिसलीसुद्धा नाही आणि माझे तळहात ओले झालेत."

"तुमचे तळहात पंख्याचं बटण दाबतानाही ओले होतात," ही म्हणाली.

मुंगीचं बोट माझ्या हातात होतं आणि तेही ओलं होतं. गाडी खाली कोसळली की दोन्ही हात वर करायचे, असं तिने ठरवून टाकलं होतं आणि वळणावळणाला ती हात वर करून बघत होती. शेवटचं दार उघडलं, समोर गाडी दिसली, आणि गाडीच्या अलीकडे एक लाकडी अस्वल. अस्वलाचा एक हात आडवा पुढे आलेला. खाली लिहिलं होतं, 'माझ्या हाताला डोकं लागत असेल तरच पुढे या.'

अस्वलाचा हात माझ्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाशी आला. मुंगीचं डोकं चौथ्या बटणाशी. ती टाचा उंचावून उभी राहिली, तरी चौथ्याच्या फार वर काही गेलं नाही.

"सॉरी काका. नियम आहे," टोपीवाला मुलगा म्हणाला.

"अहो, मग ही पाटी सुरुवातीला लावायला तुम्हाला काय धाड भरली होती?"

"ते वरचे ठरवतात."

हे वाक्य मी स्वतः खिडकीमागून इतक्या वेळा ऐकवलेलं आहे, की त्यावर उत्तर नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही बाजूच्या छोट्या दारातून बाहेर आलो. मुंगी रडली नाही. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली, "आजोबा, त्यांनी आधी का नाही सांगितलं?"

उत्तर नसलं की मी शब्द देतो. तो माझा जुना रोग आहे. "मी बसवतो तुला भुयारी गाडीत. तू परत जायच्या आत. माझा शब्द."

खिडकीबाहेर बघत ही म्हणाली, "शब्द जरा मापून देत जा."

सुट्टी संपता संपता आमच्या इमारतीचं स्नेहसंमेलन असतं. दरवर्षी संगीत खुर्ची, लिंबू-चमचा आणि सेक्रेटरींचं भाषण, ह्याच क्रमाने आणि चढत्या कंटाळ्याने. यंदा तळघरातल्या पार्किंगमध्ये 'पाताळगाडी' करायची असं मी ठरवलं आणि परवानगी मागायला गेलो. आमचे सेक्रेटरी म्हणजे नियमावलीला हातपाय फुटलेले. ते म्हणाले, "पार्किंगमध्ये फक्त वाहन आणता येतं. तुमची ही वस्तू वाहन आहे का?"

"चाकं आहेत."

"मग वाहन क्रमांक लागेल."

मग तळमजल्यावरच्या फरशीवाल्याने दिलेल्या माल वाहायच्या ट्रॉलीला, तिच्यावर दोरीने बांधलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांसकट, रीतसर पार्किंगचा क्रमांक मिळाला. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे विचारणा आली, की एका घराला एकच वाहन ठेवता येत असताना आपण दुसरं कसं घेतलं. माझ्याकडे पहिलं वाहन नव्हतंच. हे पटवून द्यायला मला दोनदा त्यांच्या घरी जावं लागलं आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या सौभाग्यवतींनी दार अर्धंच उघडलं. मी एका खात्याचा सेवानिवृत्त हेडक्लार्क आहे. अर्ध्या दाराची मला सवय नाही.

बातमी फुटली आणि सल्ले सुरू झाले. शेजारचे बॉयलर इन्स्पेक्टर, तेही निवृत्त, बिनबोलावता येऊन बसले. "भीतीचं वाफेसारखं असतं," ते म्हणाले. "हळूहळू चढवायची. एकदम सोडलीत की फुस्स." हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच मला पटेल असं बोलला, म्हणून मी त्यांना सामील करून घेतलं. दुसऱ्या मजल्यावर चित्रकलेच्या बाई राहतात, त्यांनी रंगकाम अंगावर घेतलं. वॉचमन स्वतःहून आला. त्याला टोपी हवी होती. एवढ्या वर्षांत त्याचं या इमारतीत कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि टोपी असली तर ऐकतील असं त्याचं म्हणणं पडलं.

आम्ही कामाला लागलो ते रांगेच्याच. गाडीचं काय, ती काय, एका खांबाला वळसा घालून परत यायची होती. खरी कला रांगेत, हे मी सगळ्यांना इतकं समजावून सांगितलं की शेवटी तेच मला समजावून सांगायला लागले. जुन्या चादरींची वळणं केली. एका वळणावर मोडकी तीनचाकी सायकल ठेवली आणि ती का ठेवली हे कुठेही लिहिलं नाही. इन्स्पेक्टरांनी कारखान्यातला जुना भोंगा आणला. पंपाच्या खोलीत एक मिणमिणता दिवा लावला. तिथे उभं राहून 'ज्यांना परत फिरायचं असेल' हे वाक्य म्हणायला बाईंचे यजमान तयार झाले. ते घरात फारसे बोलत नाहीत, त्यामुळे त्यांनी तोंड उघडलं की ऐकणारा आधीच दचकतो.

मुंगीला मी तळघरात पाऊल टाकू दिलं नाही. नाही म्हणजे नाहीच. तिला आधी दिसलं तर मग राहिलं काय? ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन बसायची आणि मी घामाघूम वर आलो की विचारायची, "आजोबा, आज काय केलं?"

"ते सांगायचं नसतं."

"थोडंसं?"

"आज एक दार बसवलं."

"दाराच्या पलीकडे काय आहे?"

"तेच तर," असं म्हणून मी भुवया उडवायचो आणि पुढे चालू लागायचो. तिची मी अशी रोज थोडी थोडी वाफ चढवत होतो. तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, की माझ्या आजोबांचं स्वतःचं भुयार आहे. रात्री जेवताना ती हात वर करून दाखवायची. मला त्याचं कोण कौतुक वाटत होतं. एक दिवस तिला हाताला धरून खाली नेलं असतं, ट्रॉलीवर बसवून नुसतं खांबाभोवती फिरवलं असतं, तर काय बिघडलं असतं? आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

पाटीचं सुचवलं इन्स्पेक्टरांनी. "बारकं पोर खुर्चीतून घसरलं तर? उंचीची पाटी हवी." सेक्रेटरींनी लगेच तशी अटच घातली. आणि मी? मला तर आनंदच झाला. खऱ्या पार्कात अस्वल असतं, मग आपल्याकडे का नको? बाईंनी पुठ्ठ्यावर अस्वल काढलं. चांगलं काढलं, फक्त चेहरा जरा ओळखीचा आला. सेक्रेटरी त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोण?"

"अस्वल," बाई म्हणाल्या.

"चष्मा लावतं का?"

"ते डोळ्यांभोवतीचे केस आहेत."

सेक्रेटरी तडक निघून गेले आणि त्यानंतर भाषणाच्या वेळेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

अस्वलाला हात चिकटवायचा राहिला होता. बाईंनी विचारलं, "काका, कुठे लावू?" मी अस्वलाशेजारी उभा राहिलो आणि छातीवर बोट ठेवलं. "इथे." बोट सरळ तिसऱ्या बटणावर गेलं. पार्कातलं ते बटण माझ्या डोक्यात असं घट्ट बसलं होतं, की मापाचं म्हटल्यावर दुसरं काही आठवलंच नाही. चौथं बटणही तिथेच होतं, टीचभर खाली. त्याच्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

पाटी अर्थातच रांगेच्या सुरुवातीला लावायची होती. पार्कात मी याच गोष्टीवरून भांडलो होतो, आणि भांडणारा माणूस निदान स्वतःच्या घरी तरी तत्त्वाला धरून वागतो. पण सुरुवातीच्या जागेवर वकीलसाहेबांची स्कूटर होती. ते गावाला गेले होते आणि त्या जागेवरून त्यांचा सोसायटीशी दावा चालू होता. सेक्रेटरींनी इन्स्पेक्टरांकरवी निरोप धाडला, की स्कूटरला बोट लावायचं नाही, बोट लावलं की ताबा मान्य केल्यासारखं होतं. मग अस्वल कुठे उभं करायचं? जागा उरली होती एकच. रांग संपते तिथे, गाडीच्या अलीकडे. "चालेल," मी म्हणालो. "पार्कातही तिथेच आहे."

वॉचमनला अस्वलाशेजारी उभं केलं. टोपी दिली. आणि हेडक्लार्कच्या आवाजात बजावलं, "सेक्रेटरींची सून येऊ दे, माझा सख्खा भाऊ येऊ दे, हाताला डोकं लागलं नाही तर सोडायचं नाही. ओळख दाखवली तर अजिबातच नाही." त्याने सलाम ठोकला. त्या टोपीत तो खरंच उंच दिसत होता.

संमेलनाच्या दिवशी जी रांग लागली, तशी आमच्या इमारतीत पाणी बंद असतानाही कधी लागलेली नाही. ही रांगेत उभ्या असलेल्यांना सरबत देत होती. मुलगी वर सामान भरत होती, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना निघायचं होतं. मुंगी मात्र रांगेत आईलाही नको म्हणाली आणि आजीलाही नको म्हणाली. तिला एकटीने उभं राहायचं होतं. म्हणाली, "आजोबा आहेत ना आत."

आत मी होतो. खांबाच्या मागे, काळं घोंगडं अंगावर घेऊन, तोंडाला बुटाचं पॉलिश फासून. मी भूत होतो. ते काम मी दुसऱ्या कुणाला द्यायला तयार नव्हतो, कारण मुंगीला घाबरवायचं ते मीच, असं माझ्या मनाने घेतलं होतं. इन्स्पेक्टर ट्रॉली ढकलत होते. मला तिथून गाडी दिसत नव्हती, चादरीपलीकडे चाक करकरलं की उडी मारून ओरडायचं, एवढंच माझ्या हाती होतं. चार चाकांपैकी एक आपल्या मर्जीचं मालक होतं, त्यामुळे गाडी कधी माझ्याकडे यायची, कधी पंपाच्या खोलीकडे. लोक बाहेर पडून म्हणायचे, "एवढंच?" आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहायचे. माझा सिद्धांत खरा ठरत होता. घोंगड्याच्या आत मी घामाने न्हाऊन निघालो होतो आणि तरी मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

आणि मग, त्या सगळ्या भोंग्याच्या आणि किंकाळ्यांच्या गोंधळात, मला हाक ऐकू आली. "आजोबा." बारीक आवाज. जरा थांबून पुन्हा, "आजोबा."

मुंगी गाडीत बसली. घाबरली आणि माझी आठवण काढली. आता याहून मोठी पावती ती कुठली? चाक करकरलं आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो. तसा मी त्या दिवसभरात ओरडलो नव्हतो, आयुष्यातही नसेन. जेवढी माया होती तेवढी सगळी त्या ओरडण्यात घातली. तिसरी हाक आली नाही.

थोड्याच वेळात ट्रॉलीने सेक्रेटरींच्या मोटारीचं दार खरवडलं. इन्स्पेक्टरांनी घाईघाईत भोंग्याची वायर ओढली आणि तळघरातले सगळे दिवे गेले. सेक्रेटरींनी अंधारातच कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. माझ्या दुसऱ्या वाहनाचा परवाना त्यांनी त्याच दमात रद्द केला. फरशीवाला आला, धडकेत मोडलेलं चाक बघून त्याचा चेहरा बघण्यासारखा राहिला नाही, आणि खुर्च्या सोडवून तो ट्रॉली घेऊन गेला. मला कशाचंच काही वाटलं नाही. घोंगडं तसंच अंगावर, तोंड तसंच काळं, मी मुंगीला शोधत निघालो. मला फक्त विचारायचं होतं, हात वर केले होतेस का?

वाटेत वॉचमन आडवा आला. टोपी अजून डोक्यावर होती.

"साहेब, एकालाही सोडलं नाही."

"शाब्बास."

"तुमच्या नातीलासुद्धा नाही," तो छाती काढून म्हणाला. "म्हणाली, माझे आजोबा आत आहेत. म्हटलं, बेटा, आजोबांनीच सांगितलंय."

त्याची काय चूक? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याने एक काम चोख केलं होतं, आणि ते मीच सांगितलं होतं. "ठीक आहे," असं काहीतरी मी म्हणालो असेन.

मुंगी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिची ती रोजची जागा. मी घोंगडं बाजूला टाकून तिच्याजवळ बसलो. ती जरा सरकली, कारण पॉलिशचा वास येत होता.

"अगं, मग मला हाक का नाही मारलीस?"

"मारली."

"मग?"

"तुम्ही ओरडलात," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही रागावलात."

मी म्हणालो, मी तुला आत्ता फिरवतो. मग आठवलं की ट्रॉली गेली. मी म्हणालो, पाठीवर घेऊन फिरवतो, खांबाभोवती, भोंगासुद्धा वाजवतो. खाली दिवे आले होते. जिन्यावरून सगळं दिसत होतं. दोरीवरच्या चादरी काढून लोक आपापल्या ओळखून घड्या घालत होते. मोडकी तीनचाकी आडवी पडली होती.

"नको," मुंगी म्हणाली. "आजोबा, तोंड धुवा तुम्ही."

पॉलिश काही एका धुण्यात जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बसवर सोडायला गेलो तेव्हा माझे कान काळेच होते. बस सुटेपर्यंत मुंगी खिडकीतून हात हलवत होती, नेहमीसारखाच, काही झालंच नाही असा. परत येताना वाटभर ही माझ्या काळ्या कानांकडेच बघत होती. बोलली असती तर मी भांडलो तरी असतो. घरी आल्यावर तिने माझा तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट धुवायला घेतला आणि पाठमोरीच म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, पोर कुठवर येतं ते. रोज वेणी मीच घालत होते."

पुढच्या सुट्टीत मुंगी आली. मी मुद्दाम तोच शर्ट घातला होता. दारातच तिला जवळ घेतलं आणि मान खाली करून बघितलं. डोकं तिसऱ्या बटणाला लागत होतं. नुसतं लागत नव्हतं, बटण दिसेनासं झालं होतं.

"मुंगे, आता आपण पार्कात जायचं," मी म्हणालो. "उद्याच. आता तुला अस्वलसुद्धा अडवू शकत नाही."

तिने माझ्याकडे वर बघितलं. एखाद्या लहान मुलाला वाईट वाटू नये म्हणून मोठी माणसं बोलतात, तशी सांभाळून बोलली.

"तिथे रांग असते, आजोबा," ती म्हणाली, आणि आपली बॅग ओढत आजीच्या खोलीत घेऊन गेली.